जाळी लावूनही व्हॅनमध्ये डास येतात, ते कुठून?

ईको असो, जुनी ओमनी असो की विंगर, तक्रार एकच. हतनूरच्या काठावर, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ किंवा तोरणमाळला यशवंत तलावाकडे मुक्काम केला. खिडक्यांना जाळी होती, मशीन चालू होतं, अंगाला क्रीम होतं. तरी सकाळी पायांवर गांधी उठलेल्या. पुढच्या खेपेला आणखी एक मशीन, आणखी दाट जाळी, आणि फरक शून्य.

याचं कारण असं की उणीव बहुतेक वेळा औषधात नसतेच. रात्री गाडीत हवा कोणत्या वाटेने शिरते आणि दिवेलागणीला दार किती वेळा उघडतं, या दोन गोष्टींत सगळं असतं. त्या नीट केल्या की औषध थोडंच लागतं.

डास कोणत्या वेळी चावतात, त्यावरून सुरुवात करा

आडवं झाल्याबरोबर कानाशी गुणगुण सुरू झाली, तर डास जाळीतून आलेले नाहीत. ते संध्याकाळीच दारातून आत येऊन छताच्या कापडाला, सीटखालच्या अंधारात, टांगलेल्या काळ्या जॅकेटमागे बसलेले असतात. अशा वेळी जाळी बदलून उपयोग नाही, संध्याकाळचा क्रम बदलावा लागतो.

अकरा-बारापर्यंत शांत झोप आणि दीड-दोननंतर चावे, अशी तक्रार असेल तर आधी पंख्याची बॅटरी बघा. बहुतेक वेळा पंखा मध्येच बंद पडलेला असतो.

चावे फक्त एका कोपरावर, एका गुडघ्यावर किंवा खिडकीकडच्या खांद्यावर असतील, तर अंग जाळीला टेकतंय. डासाची सोंड जाळीच्या भोकातून सहज आत जाते, त्याला आत यायची गरजच नाही. जाळी आणि अंग यांत किमान १० सेंटिमीटर अंतर हवं. अरुंद गाडीत ते मिळत नसेल तर गादीच्या कडेला, खिडकीच्या बाजूने, चादरीची घट्ट गुंडाळी किंवा फोमची १५ सेंटिमीटर उंच पट्टी ठेवा.

दिवसा, सावलीत बसल्यावर घोट्याजवळ चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा तोच. रात्रीच्या जाळीचा त्याच्यावर काही परिणाम नाही, त्यासाठी दिवसा क्रीम आणि पायमोजे. आणि गुणगुण अजिबात नाही, पण सकाळी तीन-चार चावे एका ओळीत दिसतात, असं असेल तर गादीच्या शिवणी उलटून बघा. ते ढेकूण असतात, डास नव्हेत.

पंखा कोणत्या दिशेने लावला आहे?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून जरा सविस्तर.

उकाडा जावा म्हणून बरेच जण डिकीच्या काचेत किंवा छताला पंखा बसवतात आणि तो आतली हवा बाहेर फेकेल असा ठेवतात. खोलीतल्या एक्झॉस्टची सवय असते. पण बाहेर गेली तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. जाळी दाट असेल तर तिच्यातून हवा सहज येत नाही. मग ती सरकत्या दाराच्या खालच्या फटीतून, गिअरच्या रबरी टोपीखालून, क्लच-ब्रेकच्या पेडलजवळच्या भोकांतून आत ओढली जाते. त्या फटींना जाळी नसते. शिवाय आतल्या माणसांचा श्वास आणि घामाचा वास पंखा बाहेर सोडत राहतो आणि डास त्याच वासाच्या मागावर येतात. आधी बोलावणं धाडलं आणि मग वाटही ओढून दिली, असा हा प्रकार.

पंखा उलटा फिरवा. बाहेरची हवा जाळीतून आत घ्यायची आणि समोरच्या बाजूच्या, जाळी लावलेल्या एका लहान खिडकीतून बाहेर जाऊ द्यायची. आत हवेचा थोडासा दाब तयार होतो आणि प्रत्येक बारीक फटीतून हवा बाहेरच्या दिशेने वाहते. डास फार दुबळा उडतो, ताशी दोन-अडीच किलोमीटर एवढाच वेग. फटीतून येणाऱ्या झोतासमोर त्याला शिरता येत नाही.

पंख्यापुढे जाळी अगदी चिकटवून लावू नका. जाळी हवा अडवते, आणि धूळ बसली की आणखीच. पंख्याच्या तोंडापेक्षा किमान दुप्पट क्षेत्रफळाची जाळीची पेटी करा. म्हणजे पंखा १२ सेंटिमीटर चौरस असेल तर पेटीचं तोंड १७-१८ सेंटिमीटर चौरस. खानदेशात उन्हाळ्याच्या धुळीत ही जाळी दर दोन मुक्कामांनी ओल्या फडक्याने पुसावी लागते.

आता बॅटरीचा हिशोब. आठ इंची १२ व्होल्टचा डीसी पंखा साधारण १५ वॅट घेतो, म्हणजे सव्वा अँपिअर. आठ तासांना १० अँपिअर-तास. आपल्याकडे पुष्कळ जण फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी काढून आणतात. नवी असताना ती फार तर सहा तास ओढते. दोन हंगाम कपाशीवर फवारणी करून झालेली असेल तर तीन-चार तासांत बसते. साडेदहाला पंखा लावला की दोनच्या सुमारास डास का येतात, ते इथे कळतं. तीच बॅटरी वापरायची असेल तर कॉम्प्युटरमध्ये असतात तसले १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावा. दोन्ही मिळून अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतात, रात्रभरात चार-साडेचार अँपिअर-तास. मोठा पंखाच हवा असेल तर २० अँपिअर-तासाची साधी किंवा १२ अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच, वायरला, ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर रात्रभर पंखा चालवू नका. पाल किंवा धडगावच्या रस्त्यावर सकाळी सेल्फ लागला नाही तर धक्का मारायला माणूस मिळेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

एक सूचना मनापासून. फवारणी पंपाची फक्त बॅटरी आणा, टाकी नको. रिकामी, धुतलेली वाटली तरी तिच्या नळीत आणि वॉशरमध्ये औषध राहतं, आणि बंद गाडीत तेच रात्रभर नाकात जातं.

अगरबत्तीने फट शोधा

फट डोळ्यांनी सापडत नाही. वारा पडलेला असताना, संध्याकाळी पाचच्या सुमारास, रात्री ठेवता तशीच गाडी बंद करा आणि पंखा चालू करा. एकाने आत बसून पेटती अगरबत्ती प्रत्येक सांध्यापासून दोन बोटं अंतरावर धरायची आणि हात स्थिर ठेवायचा. धुराची रेघ सांध्याकडे झुकली तर हवा बाहेर जाते आहे, ठीक. रेघ तुमच्याकडे वळली, तुटली, की तिथून हवा आत येते आहे आणि डासही तिथूनच येतो. त्या जागी खडूने खूण करा.

सरकत्या दाराचा मागचा खालचा कोपरा, डिकीच्या रबराची खालची कड, गिअर आणि हँडब्रेकच्या रबरी टोप्या, पेडलमागचा पत्रा आणि डॅशबोर्डच्या हवेच्या झडपा या जागा हमखास सापडतात. हवेचा खटका बाहेरची हवा घेण्यावर राहिलेला असतो, तो आतली हवा फिरवण्यावर टाका. मागच्या बाजूला, प्लास्टिकच्या आवरणाआड, बऱ्याच गाड्यांना हवा बाहेर पडायच्या झडपा असतात. दार जोरात लावल्यावर कानाला दडा बसू नये म्हणून त्या ठेवलेल्या असतात. त्या बुजवू नका, आतून जाळीचा तुकडा लावा. दाराच्या तळाशी पाणी निथळायची भोकंही बुजवू नयेत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पत्रा गंजतो.

सरकत्या काचांच्या खिडकीत एक फट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एक काच अर्धी सरकवली की दोन काचांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत बोटभर उभी पोकळी उरते. जाळी फक्त उघड्या अर्ध्या भागाला लावली असेल तर ती पोकळी मोकळीच राहते. जाळी नेहमी पूर्ण चौकटीला लावा.

रबर सैल आहे का हे बघायला दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अडखळत आली तर रबर ठीक. सुळकन निघाली तर त्या जागी आतून ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीची फोम टेप लावा.

जाळी कशी लावावी

साध्या डासासाठी सव्वा मिलिमीटरच्या आतली भोकं पुरतात. खिडक्यांना लावतात ती फायबरग्लासची जाळी तेवढीच असते. गुरांच्या गोठ्याजवळ किंवा जुन्या मातीच्या भिंतींजवळ मुक्काम असेल तर चिलटं आणि वाळूमाश्या तिच्यातूनही येतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची दाट जाळी लागते, पण हवा फार कमी येते. सगळ्या गाडीला ती लावण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा मुक्कामाची जागा बदला.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे तापमान ४५ अंशांना टेकतं आणि बंद गाडीतला पत्रा हात लावू देत नाही. चिकटपट्टीवाला वेल्क्रो त्या उन्हात हमखास सुटतो. डिंक पातळ होतो, पट्टी खाली घसरते आणि वरच्या कडेला अर्धा सेंटिमीटरची फट पडते. ती अंधारात दिसत नाही. वेल्क्रो वापरायचाच तर जाळीच्या बाजूने शिवून घ्या आणि गाडीच्या बाजूने कॉन्टॅक्ट अ‍ॅढेसिव्ह दोन्हीकडे लावून, दहा मिनिटं सुकू देऊन मग दाबा. त्याहून चांगलं म्हणजे चुंबक. १० मिलिमीटर व्यासाचे निओडिमियम चुंबक दर १० सेंटिमीटरवर, कापडी कडेत शिवून, म्हणजे रंगाला ओरखडा येत नाही. आधी एक चुंबक चौकटीवर सगळीकडे फिरवून बघा. प्लास्टिकच्या भागावर तो धरत नाही, तिथे वेल्क्रोच लागेल. सीट कव्हर शिवणारा कारागीर हे काम घरच्या मशीनपेक्षा चांगलं करतो. त्याच्याकडे जाड सुई असते आणि कडेला नायलॉनची पट्टी घालायची सवय असते.

सरकत्या दाराचा पडदा मापापेक्षा सगळीकडून १५ सेंटिमीटर मोठा घ्या. मधून फाकणारे दोन पडदे केले तर ते एकमेकांवर किमान २० सेंटिमीटर चढले पाहिजेत. खालच्या कडेत वाळू भरलेली बोटभर जाड कापडी नळी घाला. नुसतं खाली सोडलेलं कापड तापीकाठच्या वाऱ्याने उचललं जातंच.

पुढच्या दारांना पिशवीसारखी जाळी शिवून वरून चौकटीवर चढवता येते. दार लावलं की ती रबरात दाबली जाते. आरशाजवळच्या तिकोनात चुण्या पडतात, तिथे शिवण जरा सैल ठेवा.

दिवेलागणीचा अर्धा तास

हिवाळ्यात नदीकाठी भरिताचा बेत असतो. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला घातली की मीठ आत, शेंगदाणे आत, चाकू आत, ताटं आत. अर्ध्या तासात दार पंधरा-वीस वेळा उघडतं, आणि हाच अर्धा तास रात्रीचे डास बाहेर पडायचा. तेवढ्यात आत शिरलेले डास सगळी रात्र काढायला पुरे होतात.

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी संध्याकाळी लागणारं सगळं एका पेटीत भरून बाहेर काढा. पाणी, टॉर्च, स्वयंपाकाचं सामान, अंगावर घ्यायची शाल, लहान मुलांचं औषध, सगळं. मग गाडी बंद. त्यानंतर एकच दार वापरायचं, आणि तेही वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचं. डास वासाचा माग काढत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येतो, त्यामुळे तो गाडीच्या आडोशाच्या बाजूला जमतो. आडोशाचं दार सोयीचं वाटतं, पण ते उघडलं की जमलेले सगळे आत येतात. दार उघडण्याआधी आतला दिवा बंद करा. दिव्यावर मुख्यतः इतर किडे येतात, पण दार धरून त्यांना हाकलत बसताना डासही शिरतात. पिवळसर दिव्यावर किडे कमी येतात.

आत गेल्यावर लगेच आडवं होऊ नका. पाच मिनिटं टॉर्च छताला जवळजवळ समांतर धरून फिरवा. बसलेल्या डासाची लांब सावली पडते आणि तो सापडतो. रॅकेट यासाठी उत्तम. घामेजलेले पायमोजे आणि बूट बाहेर पिशवीत बांधून ठेवा, पाय साबणाने धुवा. पायाच्या वासाला डास येतात हे खरं आहे.

गाडी कुठे उभी करावी

पाण्यापासून १००-२०० मीटर लांब आणि उंचवट्यावर. वाहत्या तापीपेक्षा तिच्या काठचे साचलेले डोह, गुरांच्या खुरांनी पडलेले आणि पाण्याने भरलेले खड्डे, पाटचारीचा पाझर आणि नवं शेततळं हे जास्त त्रास देतात. मलेरियाचा ॲनोफिलिस तिथेच वाढतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी संथ झऱ्यांच्या कडेला त्याचा दुसरा भाऊबंद असतो. गोठ्याजवळ मुक्काम टाळा. ॲनोफिलिसच्या पुष्कळ माद्या गुरांचं रक्त पितात आणि दिवसा गोठ्यातच भिंतीवर बसून राहतात.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेलगत गाडी लावायचा मोह होतो, कारण सावली आणि गारवा. पण तोच गारवा डासांना दिवसभर बसायला लागतो, आणि केळीच्या पानाच्या बेचक्यात पाणी साचतं. बागेपासून शंभर मीटर तरी दूर, उघड्या माळावर लावा. यावल अभयारण्य किंवा पाटणादेवीच्या परिसरात मुक्कामाची परवानगी वनखात्याकडून आधीच घ्या, आणि तिथे डासांसाठी म्हणून धूर-जाळ अजिबात करू नका.

कॉइल, मशीन, क्रीम

गाडीत कॉइल पेटवून झोपू नका. बंद जागेत तिचा धूर फुप्फुसांना फार वाईट, आणि गादी-पडद्याला ठिणगी लागायला वेळ लागत नाही. कडुनिंबाचा पाला आणि गोवऱ्यांचा धूरसुद्धा बाहेर, बसायच्या जागेच्या वाऱ्याकडच्या बाजूला, तेवढाच ठीक.

द्रवाचं मशीन साधारण दहा बाय दहाच्या खोलीसाठी असतं, म्हणजे २८ घनमीटर हवा. ईकोसारख्या गाडीत जेमतेम सहा-सात घनमीटर. तेच मशीन रात्रभर चालवलं तर चौपट औषध श्वासात जातं, डोकं जड होतं, दम्याच्या माणसाला त्रास होतो. झोपण्याआधी गाडी रिकामी आणि बंद ठेवून अर्धा तास चालवा, मग मशीन बंद करा, पंखा लावून दहा मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच आत या. कपाशीवरचं कोणतंही औषध गाडीत किंवा मच्छरदाणीवर मारू नका, एक थेंबही नाही.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपणं हे सगळ्यात धोक्याचं. सायलेन्सरचा धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

क्रीममध्ये आपल्याकडचं ओडोमॉस काही तासांपुरतं चांगलं; पहाटेपर्यंत त्यावर विसंबू नका. २० ते ३० टक्के डीट असलेलं औषध चार ते सहा तास टिकतं, २० टक्के पिकारिडिन त्याहून जरा जास्त. डीट प्लास्टिक आणि रेक्झीन खातं, चष्म्याच्या दांड्या आणि घड्याळाची काच त्याने खराब होते, तेव्हा लावलेल्या हाताने स्टिअरिंग धरू नका. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, डासांचं औषध त्यावर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काहीच लावायचं नाही, नुसती मच्छरदाणी. मोठ्या मुलांच्याही तळहाताला लावू नका, हात तोंडात जातो.

मोबाइलमधली आवाजाची ॲप आणि निळ्या दिव्याची यंत्रं यांवर पैसे घालवू नका. आवाजाला डास भीत नाहीत, आणि निळ्या दिव्यात मरतात ते बहुतेक दुसरेच किडे.

आरोग्य खात्याची कीटकनाशक भारित मच्छरदाणी असेल तर ती आत टांगा. साधारण २० धुण्यांपर्यंत ती काम देते. सावलीत वाळवा. नदीत किंवा तळ्यात कधीही धुऊ नका, ते औषध माशांना मारतं.

डास गाडीतच होत असतील तर

मुक्काम संपला, गाडी अंगणात उभी, आणि आठवड्याने पुन्हा निघताना आत डास. मग गाडीतच पाणी साचलं आहे. गरम हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. भांडी धुतल्याच्या पाण्याची टाकी, स्टेपनीच्या टायरचा खोलगट भाग, छोट्या कूलरचा तळ, ताडपत्रीची घडी, पाण्याच्या कॅनचं झाकण बघा. कोरडा दिवस घरासारखाच गाडीलाही लावा. आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करा, घासा, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही तग धरतात, आणि उन्हात सुकवा.

परत आल्यावर दोन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, तर अंगदुखीची गोळी घेऊन वाट बघू नका. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, लागलं तर पॅरासिटामॉल. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियासाठी रक्ताचा नमुना द्या आणि कोणत्या काठावर, किती रात्री मुक्काम होता ते डॉक्टरांना सांगा. मलेरियाचा एक प्रकार काही महिन्यांनीही डोकं वर काढतो, तेव्हा ताप दिवाळीनंतर आला तरी पावसाळ्यातल्या मुक्कामाचा उल्लेख करा.